मागच्या गाडीत

एलामानला झोपेतच उचलून गाडीत ठेवायचं, हे सासूबाईंनीच ठरवलं होतं. आदल्या संध्याकाळी चहा ओतता ओतता त्या म्हणाल्या, "जागा असला तर तो सुटायचा नाही. आणि खरं सांगू का, मीही सोडायची नाही. पहाटेच घेऊन जा."

म्हणून पहाटे चारला कुबातनं, माझ्या नवऱ्यानं, त्याला गोधडीसकट उचललं. साडेसहा वर्षांचं पोर, गोधडीतून पाय लोंबत होते. सासूबाई दारात उभ्या होत्या. सासरे मार्चमध्ये गेले, तेव्हापासून डोक्याला काळा रुमाल, आणि वर्षाचं जेवण होईपर्यंत त्यांना घर सोडायचं नाही. डोळेही गेल्या वर्षापासून अधूच झालेत. त्यांनी अंदाजानं हात पुढे केला तो एलामानच्या टाचेला लागला. ती टाच धरून त्या उभ्या राहिल्या. कुबातही तसाच थांबला, हलेना. मी कडेवर धाकट्या लेकीला, सेझिमला घेऊन, हातात बोर्सोकची, तळलेल्या पिठाच्या गोळ्यांची पिशवी आणि चहाचा थर्मास घेऊन मागे उभी. मग त्यांनीच हात काढून घेतला आणि म्हणाल्या, "दार हळू लाव गाडीचं."

एलामान माझा पहिला. पाळण्यात घालायच्या दिवशी सगळ्या पाहुण्यांदेखत सासरे म्हणाले होते, "पहिला आमचा." आमच्याकडे हे सुनेला विचारून होत नाही. सून मान खाली घालून चहा ओतत राहते, तेच तिचं उत्तर. मीही ओतला. चौदा महिन्यांचा झाला, अंगावरचं दूध तुटलं, आणि गुल्चोच्या वरच्या अंगाला असलेल्या सासरच्या गावी त्याला ठेवून आम्ही दोघं बिश्केकला परतलो. मी शिवणाच्या कारखान्यात, कुबात बांधकामावर. त्याच्या जन्मदाखल्यावरही आईबापाच्या रकान्यात सासूसासऱ्यांचीच नावं आहेत. तो त्यांना आई आणि बाबा म्हणतो. कुबातला दादा म्हणतो. मला वहिनी.

दर उन्हाळ्यात आम्ही जायचो. मोठ्यांसमोर आपल्या पोराला मांडीवर घेऊन लाड करायचे नसतात. त्यातून हा तर दिलेला. मी दोरीवरचे वाळलेले कपडे काढताना त्याचे शर्ट सगळ्यात शेवटी काढायची, सावकाश. एवढंच माझ्या वाट्याचं.

आता सासरे नाहीत, सासूबाईंना दिसत नाही, आणि एक सप्टेंबरला पोराची पहिलीची शाळा. "शहरातच घाला," त्या म्हणाल्या. मी मान खाली घालून चहा ओतला. मला एकच हवं होतं. बिश्केकला पोचेपर्यंत, नाही तर शाळा सुरू होईपर्यंत, नाही तर पहिला बर्फ पडेपर्यंत तरी, त्यानं मला आई म्हणावं.

उजगेन मागे पडलं तेव्हा तो उठला. भाताची खाचरं, सकाळचं ऊन. त्यानं आधी गाडीचं छत पाहिलं, मग मला, मग माझ्या मांडीवर झोपलेल्या सेझिमला.

"आई कुठाय?"

"मागच्या गाडीत," मी म्हणाले.

असं बोलायचं काही ठरलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं. कुबातनं आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"कुणाच्या मागच्या गाडीत?"

"ताशबायकाकांच्या."

"त्यांची गाडी तर बंद पडलीय. तिच्यात कोंबड्या बसतात."

"दुरुस्त केली त्यांनी."

"कधी?"

"काल."

"काल मी दिवसभर तिथंच होतो," एलामान म्हणाला. "दोन अंडी पण काढली मी तिच्यातून."

कुबात पुढून म्हणाला, "अरे, ते ताशबाय नव्हेत. दुसरे. खालच्या आळीतले."

मुलांना बापाचं पटतं, मग तो बाप दादा असला तरी. गोधडी बाजूला सारून एलामान सीटवर गुडघे टेकून उलटा बसला, पाठीवर हनुवटी ठेवली आणि मागच्या काचेतून रस्ता बघायला लागला.

तो तसाच बसून राहिला. जलालाबाद गेलं. त्याला अंडं सोलून दिलं, "आई आली की खाईन." बोर्सोक दिला, "ठेव, आईबरोबर." पांढरी गाडी दिसली की सांगायचा, "ही नसेल." निळी दिसली की, "ही पण नसेल." सेझिम अडीच वर्षांची, तिला वाटलं हा खेळच आहे. तीही सीटवर उभी राहून ओरडायला लागली, "नशेल! नशेल!" मी तिला दोनदा खाली बसवलं, ती तिसऱ्यांदा उभी राहिली आणि ताश-कुमिरच्या वळणांवर तिनं सगळा चहा आणि दूध माझ्या खांद्यावर ओकलं.

लांबच्या रस्त्यावर लहान मुलांबरोबर जाणं म्हणजे काय, हे ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको. एकीचे कपडे बदलेपर्यंत दुसऱ्याला लघवी लागते. दुसऱ्याला उतरवेपर्यंत पहिली एक बूट खिडकीबाहेर टाकते. खाली नदी हिरवीगार, वर दगड, आणि मध्ये एवढासा रस्ता, त्यावरून कोळशाचे ट्रक. मी सेझिमच्या तोंडात कुरुतचा, वाळवलेल्या दह्याचा खडा दिला. आंबटखारट चघळत राहिलं की पोट जागेवर राहतं. एलामानलाही दिला. त्यानं तो खिशात टाकला.

उलटं बसून बसून शेवटी त्यालाही व्हायचं ते झालं. सगळी गोधडी भरली. मी ओलं फडकं घेऊन पुढे झाले तर त्यानं तोंड फिरवलं.

"राहू दे. आई पुसेल."

"अरे, वाळेल ते तोंडावर."

"वाळू दे."

मी फडकं हातात धरून बसले. घट्ट धरून पुसता आलं असतं. सेझिमचं पुसलंच होतं की तसं, ती किंचाळत असताना. पण त्याला धरायचं कसं, तेच मला माहीत नव्हतं. किती जोर लावायचा असतो, कुठं धरलं की पोरगं ऐकतं, ते रोजच्या रोज शिकायचं असतं.

तोक्तोगुलला आम्ही जेवायला थांबलो. तो आत यायलाच तयार नाही. रस्त्याच्या कडेला कमरेवर हात ठेवून उभा राहिला, वाकड्या पायांच्या म्हाताऱ्यासारखा. सासरे अगदी असेच उभे राहायचे, मेंढ्या यायच्या वेळी.

"दादा, किती वाजले?"

"साडेबारा."

"दोनच्या आत यायला पाहिजे ती."

"येईल, येईल," कुबात म्हणाला. दोनच्या आत का, हे आमच्यापैकी कुणीच विचारलं नाही. मी सेझिमला भरवत होते, आणि कुबात आत येऊन माझ्याशेजारी बसला.

"सांगून टाका ना त्याला," मी हळूच म्हणाले.

"तू बोललीस, तू सांग."

"आई तुमची आहे."

"आणि मुलगा तुझा आहे."

"आज झाला का माझा?"

कुबातनं भाकरीचा तुकडा मोडला, परत ताटात ठेवला. "मीरिम, मलाही काय कळतंय सांग. मी गेली पाच वर्षं त्याचा दादाच आहे. रागवायचं म्हटलं तरी बाबांकडे बघावं लागायचं."

तोक्तोगुलच्या पुढे चिचकनची घळ लागते. तिथं आदल्या रात्रीच्या पावसानं डोंगर खाली आला होता. पन्नास पावलांचा रस्ता चिखलानं आणि दगडांनी भरलेला, एकच यंत्र तो उपसतंय, आणि अलीकडे पलीकडे गाड्यांच्या रांगा. आमच्यापुढे चाळीसएक गाड्या. फोनला रेंज नाही. कुणी म्हणे एक तास, कुणी म्हणे संध्याकाळ. टॅक्सीवाल्यांनी मात्र आपली सोय केली होती: अलीकडचे प्रवासी चिखलातून चालत पलीकडे, पलीकडचे अलीकडे, आणि गाड्या जागच्या जागी वळवून परत. "ओश! ओश! एक सीट आहे, लगेच निघणार!" असं, आम्ही आलो त्या दिशेच्या शहराचं नाव घेत, आमच्या खिडकीशेजारीच कुणी ओरडत गेलं.

कुबात पुढे यंत्राकडे बघायला गेला. पुरुषांना अशा वेळी यंत्राकडे जाऊन उभं राहावंच लागतं. मी सेझिमला गाडीच्या टपाच्या सावलीत उभं करून तिची ओली विजार काढत होते. ती एक पाय वर करायची आणि दुसरा करायचा नाही म्हणायची. पाच मिनिटं असतील, सहा असतील. मागे वळून पाहिलं तर सीट रिकामी. पलीकडचं दार उघडं.

"एलामान!"

एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला कठडा आणि खाली नदी. नदीचा आवाज एवढा की माझी हाक माझ्याच कानाला पोचेना. मी आधी कठड्यापाशी धावले. खाली पांढरं पाणी, दगड. एवढ्या दगडांत एक निळा शर्ट कसा शोधायचा? मला वाटतं मी दोनतीन वेळा तिथंच मागेपुढे झाले. सेझिम काखेत, अर्धी उघडी, तिला वाटतंय आपण खेळतोय, ती हसतेय. मग मी रांगेच्या मागच्या बाजूला धावत सुटले, प्रत्येक काचेत वाकून बघत. कलिंगडाच्या ट्रकवाल्यानं विचारलं, "काय हरवलं?" मी म्हणाले, "मुलगा." तो म्हणाला, "निळा शर्ट? ओशच्या टॅक्सीत बसला बघा आत्ता."

टॅक्सी वळून उभीच होती, इंजिन चालू. मागच्या सीटवर पांढरा रुमाल बांधलेली एक म्हातारी, आणि तिच्या मांडीवर एलामान. खिशातला कुरुत चघळत.

मी दार ओढलं. "उतर. उतर आधी!"

म्हातारीनं त्याच्या पोटाभोवती हात घट्ट केला. "थांब गं पोरी. कोण तू?"

"आई आहे मी त्याची!"

म्हातारीनं वाकून त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "ओळखतोस का रे हिला?"

"हो," एलामान म्हणाला. "वहिनी आहे."

टॅक्सीवाला, सोन्याच्या दातांचा जाडजूड माणूस, पुढून वळला. "अरे वा. एकीकडे आई म्हणते, दुसरीकडे वहिनी. ठरवा एकदा."

"भाऊ, मी त्याची आई आहे. खरंच आहे."

"तो म्हणतो आई गुल्चोला आहे. मला म्हणाला, मला आईकडे सोडा, दोनच्या आत. मी म्हटलं दोनच्या आत माझा बाप पण नाही पोचवणार, पण बस."

"तुम्ही असा कुणाचाही मुलगा बसवून घेता?"

"मी नाही बसवला. आजी म्हणाल्या."

आता माणसं जमायला लागली होती. ट्रकवाला, दोन बायका, कणसं खाणारा एक विद्यार्थी. ओकारीनं भरलेली मी, काखेत उघडी मुलगी. मुलं पळवणारी बाई कशी दिसत असेल, असं मला कुणी विचारलं असतं तर मी स्वतःकडेच बोट दाखवलं असतं.

"कागद आहे का काही?" एका बाईनं विचारलं.

कागद होता. माझ्या गळ्यातल्या पिशवीतच होता. मी काढला आणि काढतानाच कळलं, काय करून बसले ते. टॅक्सीवाल्यानं तो हातात घेतला, लांब धरून वाचला.

"नाव काय तुझं?"

"मीरिम."

"इथं आईचं नाव मीरिम नाहीये." त्यानं कागद छातीशी धरला. "बरं, तू घरातली आहेस ना? मग सांग, इथं आईचं नाव काय लिहिलंय?"

मी तोंड उघडलं आणि मिटलं. आठ वर्षांत ते नाव माझ्या तोंडात आलेलं नाही. सासूचं नाव सून घेत नाही. नुसतं नावच नाही, त्या नावाची वस्तूसुद्धा मी दुसऱ्या शब्दानं मागते. दुकानात मागते, कारखान्यात चहा पिताना मागते. बिश्केकच्या बायका हसतात मला. माझं पोर हातचं चाललं होतं, आणि तरी जीभ वळेना.

"सांग ना."

"ते... चहात घालतात ते," मी म्हणाले.

"काय? दूध?"

"दूध नाही. गोड असतं ते. पांढरं. खडे असतात त्याचे."

कणीसवाला विद्यार्थी फिसकन हसला. ट्रकवालाही. पण म्हातारी हसली नाही. तिचा हात एलामानच्या पोटावरून सैल झाला.

"दे रे तो कागद परत," ती टॅक्सीवाल्याला म्हणाली. "घरची सून आहे ती. पळवणारी असती तर धडाधडा वाचून दाखवलं असतं नाव."

"म्हणजे पोरगं खरंच बोलतंय," टॅक्सीवाला म्हणाला. "वहिनीच आहे."

जे मला सोडवत होतं तेच मला खोटं पाडत होतं. म्हातारी माझ्याकडे बघत राहिली. माझ्याकडे, मग सेझिमकडे, मग एलामानच्या कानांकडे. दोघांचे कान सारखेच आहेत, जरा पुढे आलेले. माझेही.

"पहिला?" तिनं विचारलं.

"पहिला."

"दिलेला?"

मी मान हलवली. जमलेल्या बायकांपैकी एकीनं "च्च" केलं आणि दुसरीनं तिला कोपरानं ढोसलं. मग सगळे हळूहळू आपापल्या गाड्यांकडे गेले, जसं कुणाच्या घरात चुकून शिरल्यावर माणूस बाहेर पडतं तसं.

म्हातारीनं एलामानला खाली उतरवलं. "जा रे राजा. ही टॅक्सी तुझ्या गावाला जात नाही." आणि मला म्हणाली, "सकाळपासून मागची गाडी बघतोय म्हणे तो. कुठली गाडी गं?"

मी टॅक्सीचं दार लावलं. तिनं परत विचारलं नाही. टॅक्सी गेली.

रस्त्याच्या कडेला मी उकिडवी बसले. सेझिमला मांडीत धरलं. एलामान समोर उभा, टॅक्सी गेली त्या बाजूला बघत.

"एलामान, मागच्या गाडीत कुणी नाहीये."

तो वळला.

"मी खोटं बोलले. आई घरी आहे. तिला वर्षाच्या जेवणापर्यंत घराबाहेर पडता येत नाही. तू आता आमच्याकडे राहायचंस. बिश्केकला. तिथंच शाळा."

मला वाटलं तो रडेल. मी तयार होते. रडणाऱ्या मुलाला धरता येतं, ते मला सेझिमनं शिकवलंय. पण तो रडला नाही. त्यानं विचारलं, "किती वाजले?"

"पावणेदोन."

"दोन वाजता तिच्या डोळ्यांत थेंब घालायचे असतात. सकाळी, दोन वाजता आणि झोपताना. मी घालतो. तिला जमत नाही. ती बाटली नाकावर धरते."

सासूबाई आम्हाला काहीच बोलल्या नव्हत्या. डोळ्यांचं औषध चालू आहे एवढंच माहीत होतं.

"शेजारच्या कुणीतरी..."

"कुणाला माहितीच नाही. बाटली मी ठेवतो. खिडकीत, फुलांच्या डब्यामागं. तिला दिसायची नाही ती." त्याचा आवाज आता पातळ झाला होता. "आणि ती झोपणार कुणाजवळ? बाबा गेल्यापासून ती एकटी झोपत नाही. तिला भीती वाटते. तुला माहीत नाही, वहिनी. ती कुणाला सांगत नाही."

मी फोन काढला. रेंज नव्हतीच. तरी मी नंबर लावला, कानाला लावला, दोनदा, तीनदा, त्याच्यासमोर. दोन वाजले, सव्वादोन झाले. तो माझ्या मनगटावरचं घड्याळ बघत होता. काहीच करता येत नव्हतं आम्हाला, त्याला नाही आणि मला नाही.

कुबात परत आला तोवर रांगेला जाग आली होती. एका बाजूनं वाट झाली होती. मी धावत जाऊन त्याला म्हणाले, "गाडी वळवा."

"काय?"

"परत जाऊ. वळवा."

"मीरिम, दहा तास झालेत निघून. पुढे तर बघ."

"त्यांना थेंब कोण घालणार?"

त्याला काही कळेना. आणि मागचे हॉर्न वाजवायला लागले होते. मागे ट्रक, पुढे ट्रक, एका बाजूला डोंगर, एका बाजूला कठडा. वळवायला जागाच नव्हती. पोलीस काठी हलवत ओरडत होता, चला, चला. कुबातनं एलामानला उचलून आत ठेवलं, आणि गाडी पुढे निघाली कारण मागच्या गाड्या पुढे निघाल्या होत्या. चिखलातून जाताना चाकं घसरली तेव्हा एलामाननं सीटची कड धरली. तो आता सरळ बसला होता. मागे बघायचं त्यानं सोडलं. तेच मला सोसवेना.

आला-बेलचा घाट चढून उतरलो. सुसामिरच्या मोकळ्या पठारावर, जिथं तंबूंसमोर घोडीच्या दुधाच्या बाटल्या मांडून बसतात, तिथं फोनला दोन काड्या आल्या. सहा वाजले होते. कुबातनं गाडी गवतात घेतली. मी नंबर लावून फोन एलामानच्या हातात दिला, आवाज मोठा करून.

"आई, थेंब घातलेस?"

तिकडून श्वासाचा आवाज. मग सासूबाई म्हणाल्या, "घातले की."

"बाटली कुठं होती?"

"होती तिथंच."

"कुठं?"

"...कपाटात."

"खोटं बोलतेस," तो म्हणाला आणि आता त्याचे ओठ वाकडे व्हायला लागले. "खिडकीत आहे. फुलांच्या डब्यामागं. जा, आणून घाल. ताशबायकाकूंना बोलाव. मान मागं टाक. मी धरतो."

धरतो म्हणजे फोन. तो फोन दोन्ही हातांनी छातीपुढे धरून उभा राहिला. आम्ही चौघं त्या पठारावर उभं राहून एका म्हातारीच्या चपलांचा आवाज ऐकत होतो, दार, हाक, शेजारीण, "अगं जरा इकडे ये," भांड्याचा आवाज, "अगं डोळ्यात, गालावर नको!" कुबात पाठ फिरवून घोड्यांकडे बघत होता. त्याचे खांदे हलत होते.

मग सासूबाई परत आल्या. आवाज सारखा केलेला. "झाले घालून. ऐक आता, एलामान. वहिनी जवळ आहे का तुझ्या?"

"आहे."

"तिला आता वहिनी म्हणायचं नाही. ती आई आहे तुझी. तिला आई म्हणायचं. कळलं?"

एलामाननं माझ्याकडे पाहिलं. पाच वर्षं मी हेच मागत होते, मनातल्या मनात, शर्ट काढताना, शिवणयंत्रावर, सगळीकडे. आता ज्यांचं ते होतं त्यांनीच हातात काढून दिलं होतं.

"मग तू कोण?" त्यानं फोनला विचारलं.

तिकडे काहीच नाही. वारा, किंवा त्यांचा श्वास. फोन कट झाला असं वाटण्याइतका वेळ.

"मग तू कोण गं?" त्यानं परत विचारलं.

मी त्याच्या हातातून फोन घेतला. "एने," मी सासूबाईंना नेहमीच्या हाकेनं म्हणाले, "ते राहू द्या. तुम्हीच आई. त्याला जे सवयीचं आहे तेच म्हणू दे. आम्ही रोज तीन वेळा फोन लावू. थेंबांच्या वेळी."

"वेडी आहेस का तू?" त्या म्हणाल्या. "देतेय तर घे ना."

"नको."

"शाळेत काय म्हणतील पोराला?"

"म्हणू देत."

त्या रडल्या की रागावल्या, मला सांगता येणार नाही. फोन खरंच कट झाला. पुन्हा लावला तर लागला नाही.

मोठा बोगदा ओलांडून आम्ही खाली उतरायला लागलो. कड्यांवरचं ऊन निघून गेलं होतं. एलामान मधे, सेझिम त्याच्या एका बाजूला, मी दुसऱ्या. त्याच्या तोंडावर सकाळचं तसंच वाळलेलं होतं. मी ओलं फडकं पुढे केलं. त्यानं नको म्हटलं नाही, हो पण म्हटलं नाही. मी पुसलं. हळू पुसलं, म्हणून निघालं नाही. जरा जोरानं पुसलं. त्यानं डोळे मिटून घेतले आणि पुसू दिलं, दवाखान्यात सुई टोचून घेतात तसं.

सेझिम सगळं बघत होती. दिवसभर ती त्याचा प्रत्येक शब्द उचलत आली होती. तिनं मला ढोसलं.

"वहिनी," ती म्हणाली. "शू."

कुबात हसला. हसता हसता ठसका लागला त्याला. मलाही हसू आलं. एकाच्या तोंडातला आई हा शब्द सोडला होता मी. आता दुसऱ्या तोंडातूनही तो गेला.

"वहिनी! शू!"

एलामाननं डोळे उघडले. तो तिच्याकडे वळला, सासरे मेंढरांना बोलायचे त्या आवाजात म्हणाला, "ए. तू नाही म्हणायचं. तुझी ती आई आहे."

"वहिनी," सेझिम म्हणाली.

"नाही. वहिनी माझी आहे."

कुबातनं गाडी बाजूला घेतली. मी सेझिमला घेऊन उतरले. खाली कारा-बाल्ताचे दिवे लागायला लागले होते, अजून तास-दीड तासाचा रस्ता होता, आणि तिची शेवटची कोरडी विजार ओली व्हायच्या आत मला तिला कुठंतरी सपाट जागी उभं करायचं होतं.